अभिषेकाच्या तेलाची बाटली आणि तिच्यासोबत आलेले चार पानी पत्रक

आईचे दुखणे लांबले आणि मंडळीच्या वडिलांना, म्हणजे आमच्या चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, प्रार्थनेसाठी घरी बोलावण्याचे ठरले, तेव्हा अभिषेकाचे तेल म्हणून विकली जाणारी एक लहान बाटली मी ऑनलाइन मागवली. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण अशा बाटल्या विकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासोबत येणारी पत्रके सख्खी भावंडे शोभावीत इतकी एकसारखी असतात. या परीक्षणात तेलाविषयी थोडे आणि पत्रकाविषयी बरेच लिहिले आहे. तेल चांगले निघाले. पत्रकाने मात्र अभिषेक या शब्दाची जी गत केली आहे, ती पाहून गप्प बसणे मला जमले नाही.

आधी वस्तूविषयी. बाटली गडद तपकिरी काचेची, अंगठ्याएवढ्या उंचीची असून तेलाला उजेड लागू नये यासाठी हा रंग योग्यच आहे. बूच मात्र सैल होते. वेष्टन उघडले तेव्हा तेल झिरपून पत्रकाच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा डाग पडलेला होता. तेलाचा रंग हिरवट सोनेरी. मनगटावर थेंबभर लावून पाहिले असता प्रथम दालचिनीचा वास येतो, थोड्या वेळाने गंधरसाचा कडवट, डिंकासारखा वास वर येतो आणि तासाभराने साध्या जैतुनाच्या तेलाखेरीज काही उरत नाही. त्वचेला आग झाली नाही, कपाळावर ओघळ आला नाही, उशीच्या अभ्र्याला डाग पडला नाही. आजाऱ्याच्या खोलीत वापरायच्या तेलाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवण्याचे कारण नाही.

पत्रकाचे पहिलेच वाक्य असे, की हे तेल 'देवाने मोशेला सांगितलेल्या मूळ कृतीप्रमाणे' तयार केले आहे. ही कृती बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात खरोखरच दिलेली आहे: प्रवाही गंधरस ५०० शेकेल, सुगंधी दालचिनी २५० शेकेल, सुगंधी वेत २५० शेकेल, तज ५०० शेकेल आणि जैतुनाचे तेल एक हिन. शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा धरला तर सुगंधी द्रव्येच सोळा-सतरा किलो होतात, आणि हिन हे माप चार ते सहा लिटरांच्या घरातले मानले जाते. म्हणजे तेलाच्या कित्येक पट मसाला. इतका मसाला इतक्या तेलात नुसता कालवला तर लगदाच होईल. म्हणून तो शिजवून किंवा भिजवून त्याचा अर्क तेलात उतरवावा लागत असणार, आणि मजकुरातही हे काम गांध्याच्या कसबाचे असल्याचे म्हटले आहे. माझ्या बाटलीतील पातळ, पारदर्शक तेलात तेवढा अर्क असेल असे वासावरून तरी वाटत नाही. पण ती तक्रार गौण आहे. त्याच अध्यायात, कृतीनंतर अवघ्या काही ओळींनी, हे तेल सामान्य माणसाच्या अंगावर ओतू नये, त्या प्रमाणात दुसरे तेल बनवू नये आणि जो बनवील त्याचा आपल्या लोकांतून उच्छेद व्हावा, असा स्पष्ट हुकूम आहे. ख्रिस्ती माणसाला हा विधिनियम आज बंधनकारक नाही, असे म्हणता येईल, आणि बहुतेक मंडळ्या तसेच म्हणतात. मात्र नियम लागू नाही असे मानायचे आणि त्याच नियमातली कृती मानाचा शिक्का म्हणून लेबलावर छापायची, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत. चर्चच्या इतिहासात ज्यांनी हा विचार गंभीरपणे केला त्यांनी आपापली निराळी मिश्रणे ठरवली. ६ मे २०२३ रोजी ब्रिटनच्या तिसऱ्या चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकात वापरलेले तेल जैतुनाच्या डोंगरावरील दोन मठांच्या बागांतील जैतुनांचे होते व यरुशलेमेतील पवित्र कबरीच्या चर्चमध्ये ते पवित्र करण्यात आले होते. त्याच्या सुगंधात तीळ, गुलाब, मोगऱ्याच्या जातीची फुले आणि दालचिनी अशी द्रव्ये होती, मोशेचे प्रमाण नव्हते.

हुकूम इतका कडक का, याचे उत्तर पत्रकात कोठेही नाही, आणि अभिषेकाचा अर्थ नेमका त्या उत्तरात आहे. ते तेल ज्याला लागले ते वेगळे काढले गेले. निवासमंडप म्हणजे उपासनेचा तंबू, त्यातील कोश, मेज, दीपवृक्ष, वेदी, आणि शेवटी याजक अहरोन व त्याचे पुत्र, या सर्वांना तेल लावल्यावर ती वस्तू किंवा तो माणूस स्वतःच्या मालकीचा राहिला नाही, देवाच्या कामाचा झाला. अभिषेकाचा हा गाभा पुढे हजारो वर्षांत कधी झाकला गेला, कधी पुन्हा उघडा झाला, पण बदलला नाही. तेल ही त्या वेगळे काढण्याची खूण होती. शक्तीचा साठा नव्हता.

मोशेच्या याच नियमशास्त्रात एक प्रसंग असा आहे, जो कोणत्याही तेलाच्या पत्रकात मी आजवर पाहिलेला नाही. लेवीय या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला छावणीत परत घेण्याचा विधी सांगितला आहे. याजक अर्पणाचे रक्त त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. मग त्याच जागी, त्या रक्तावरच, तेल लावतो आणि हातात उरलेले तेल त्याच्या डोक्यावर घालतो. आता सहा अध्याय मागे जाऊन पाहावे: अहरोन आणि त्याच्या पुत्रांना याजक म्हणून नेमताना रक्त याच तीन जागी लावलेले आहे. गावाबाहेर राहून 'अशुद्ध, अशुद्ध' असे ओरडत फिरणे ज्याच्या नशिबी आले होते, त्याला परत आणताना कान, हात आणि पाय यांवर याजकाच्या नेमणुकीतील खुणा उमटतात. हे तेल मसाल्यांचे पवित्र तेल नव्हते, अर्पणाबरोबर आणलेले साधे लोगभर (लोग हे एक लहान माप) तेल होते. मला हा भाग वाचताना दर वेळी थांबावेसे वाटते. आजाऱ्याला तेल लावण्याचा ख्रिस्ती अर्थ समजून घ्यायचा असेल, तर मोशेच्या सुगंधी कृतीपेक्षा हा साधा विधी त्याच्या अधिक जवळचा आहे.

पत्रकाचे दुसरे पान 'अभिषेक आणि यश' या मथळ्याखाली दावीद राजाचे उदाहरण देते. उदाहरण चांगले निवडले, पण ते पूर्ण वाचलेले दिसत नाही. शमुवेल संदेष्ट्याने शिंगातील तेलाने दाविदाचा अभिषेक केला, त्या दिवसापासून परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर येऊ लागला, हे खरे. पण त्याच अध्यायात थोडे पुढे तेव्हाचा राजा शौल याचे जासूद त्याला बोलवायला येतात, तेव्हा तो पुन्हा मेंढरांपाशीच असतो. त्यानंतर त्याच्या वाट्याला भाला, गुहा, रान आणि परमुलूख आले. यहूदाच्या लोकांनी हेब्रोनात त्याचा दुसरा अभिषेक केला आणि सर्व इस्राएलाच्या वडिलांनी तिसरा, तोवर बरीच वर्षे लोटली होती. तेल लागले आणि भरभराट सुरू झाली असा क्रम या कथेत नाही. शौलाचे उदाहरण तर पत्रककर्त्याने टाळलेच आहे, आणि टाळणे समजण्यासारखे आहे: शौलाच्या डोक्यावर शमुवेलाने जी ओतली ती तेलाची कुपी होती, म्हणजे आपल्या आजच्या बाटलीची पणजी, आणि पुढे त्याच शौलाला सोडून परमेश्वराचा आत्मा निघून गेला. उलट यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४५व्या अध्यायात पारसाचा राजा कोरेश याला परमेश्वर आपला अभिषिक्त म्हणतो, आणि तू मला ओळखत नव्हतास असेही त्याला सांगतो. त्याच्या डोक्यावर कोणी थेंबभर तेल घातल्याचा उल्लेख नाही. तेल असून आत्मा गेला, आणि तेल नसताना कामासाठी नेमणूक झाली, अशी दोन्ही टोके एकाच शास्त्रात नोंदलेली आहेत.

हिब्रू 'माशिआह' आणि ग्रीक 'ख्रिस्तोस' या दोन्ही शब्दांचा अर्थ अभिषिक्त असा आहे. ख्रिस्त हे येशूचे आडनाव नव्हे. ती पदवी आहे, आणि ख्रिस्ती हा शब्दही त्याच तेलातून आला आहे. असे असताना येशूचा असा अभिषेक कोणत्याही याजकाने किंवा संदेष्ट्याने तेलाने केला नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाणी होते आणि आत्मा होता. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाचा ग्रंथ उघडून, दीनांना सुवार्ता सांगण्यासाठी आपला अभिषेक झाला असल्याचे वाचून दाखवले, आणि त्याचा शिष्य पेत्र यानेही पुढे कर्नेल्य नावाच्या माणसाच्या घरी, देवाने त्याला पवित्र आत्म्याचा व सामर्थ्याचा अभिषेक केला, असेच सांगितले. त्याच्या अंगावर प्रत्यक्ष सुगंधी तेल पडल्याचा सर्वांत ठळक प्रसंग बेथानीचा. एका स्त्रीने शुद्ध जटामांसीच्या, ३०० दिनारांहून अधिक मोलाच्या तेलाची संगमरवरी कुपी फोडून ते त्याच्या मस्तकावर ओतले. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. त्या हिशेबाने जवळजवळ वर्षभराची कमाई. हा अपव्यय आहे अशी कुरकुर झाली, तेव्हा तिने उत्तरक्रियेसाठी माझ्या शरीराला आधीच तेल लावले आहे, असे येशू म्हणाला. अभिषिक्ताला मिळालेले सर्वांत महाग तेल मरणाच्या तयारीचे होते. 'यश' या मथळ्याखाली हा प्रसंग बसवणे कठीण गेले असणार.

तिसऱ्या पानावर पत्रक अभिषेकाच्या 'पातळ्या' सांगते आणि 'दुप्पट अभिषेका'साठी मोठी बाटली सुचवते. येथे मला हसू आले, हे कबूल करते. दुप्पट वाटा हा शब्द एलीया संदेष्ट्याचा शिष्य अलीशा याच्या तोंडचा आहे, पण तो नियमशास्त्रातील वारसाहक्काचा शब्द आहे: ज्येष्ठ पुत्राला वडिलांच्या मालमत्तेचा दुप्पट वाटा मिळे, आणि अलीशा एलीयाकडे ज्येष्ठ पुत्राची जागा मागत होता. त्या प्रसंगात तेल नाही, एलीयाचा झगा आहे. नव्या करारात तर पातळ्यांची कल्पनाच मोडीत निघते. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल अभिषेक, शिक्का आणि विसार हे तीन शब्द एका दमात वापरतो, आणि तेथे 'तुम्हांसहित आम्हांला' असे म्हणतो, कोणा निवडक सेवकांना असे म्हणत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात अभिषेक या अर्थाचा ग्रीक 'ख्रिस्मा' हा शब्द तीनदा येतो आणि संपूर्ण नव्या करारात तो इतरत्र कोठेही नाही. ते पत्र ज्या मंडळीला लिहिले तिच्यातून काही लोक फुटून निघाले होते, आणि येशू हा ख्रिस्त आहे हे नाकारणाऱ्यांच्या नादी उरलेल्यांनी लागू नये, ही लेखकाची काळजी होती. त्याने त्या साध्या, धास्तावलेल्या लोकांना सांगितले की अभिषेक तुमचा झालेला आहे, तो तुमच्यात राहतो, आणि तोच तुम्हांला शिकवतो. ज्या शब्दाने सामान्य विश्वासणाऱ्याला धीर दिला, त्याच शब्दाच्या श्रेणी पाडून त्या विकणे, याला मी व्यापारी चूक म्हणणार नाही, अर्थाची चूक म्हणेन.

मग आजाऱ्याच्या तेलाचे काय? याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायातील सूचना सरळ आहे: दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. मराठी पवित्र शास्त्रात येथे 'तेल लावावे' असे आहे, 'अभिषेक करावा' असे नाही, आणि भाषांतरकारांचे कान येथे शाबूत होते असे म्हणावे लागेल, कारण ग्रीक मजकुरातही ख्रिस्त या शब्दाच्या धातूऐवजी तेल चोळणे, माखणे या अर्थाचा रोजच्या वापरातला निराळा शब्द आहे. मार्काच्या ६व्या अध्यायात बारा शिष्यांनी रोग्यांना तेल लावले तेथेही तोच शब्द आहे. पुढे, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असे याकोब म्हणतो. प्रार्थना करणारे वडील आहेत, अंथरुणावरचा माणूस नव्हे. पत्रकात मात्र असे छापले आहे की सात दिवस तेल लावूनही गुण न आल्यास 'वापरणाऱ्याने आपला विश्वास तपासावा'. ज्याला उठून बसवत नाही त्याच्यावर विश्वासाच्या कमतरतेचा आरोप ठेवणारे हे वाक्य संपूर्ण पत्रकातील सर्वांत वाईट वाक्य आहे, आणि ते आजाऱ्याच्या हाती पडू देऊ नये, एवढ्यासाठी तरी पत्रक बाटलीपासून वेगळे करावे.

बाटली 'सर्व ख्रिस्ती परंपरांसाठी योग्य' असल्याचे लेबलावर लिहिले आहे. हे खरे नाही. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षार्थींचे तेल, आजाऱ्यांचे तेल आणि ख्रिस्म अशी तीन तेले असतात; ती बिशप पवित्र सप्ताहात पवित्र करतात, ख्रिस्ममध्ये सुगंधी बाल्सम मिसळलेला असतो, आणि आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. पूर्वी हा संस्कार मरणोन्मुख माणसासाठीच राखून ठेवल्यासारखा झाला होता; १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्याला आजाऱ्यांचे अभ्यंग म्हणणे अधिक योग्य ठरवले, आणि १९७२ मध्ये सहावे पोप पॉल यांनी कपाळ व हात यांना तेल लावण्याची सुटसुटीत रीत घालून देताना, जैतुनाचे तेल न मिळाल्यास दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालेल असे सांगितले. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्म्यापाठोपाठ, अगदी तान्ह्या बाळालाही, पवित्र 'मायरन' हे तेल लावले जाते, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांनी आजाऱ्यांच्या अभ्यंगाला संस्कार मानण्यास नकार दिला. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याला तेल लावण्याची मुभा होती, ती १५५२ च्या आवृत्तीत उरली नाही. विसाव्या शतकारंभी उदयाला आलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीने आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव पुन्हा मध्यभागी आणला आणि अभिषेक हा शब्द उपदेशातील व सेवेतील सामर्थ्यासाठी रूढ केला. पत्रकाची भाषा त्या घराण्यातून उसनी घेतलेली दिसते, पण त्या मंडळ्यांतील कित्येक विचारी पाळकच दुप्पट बाटलीच्या कल्पनेवर सर्वांत आधी कडाडतील.

शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत यशया १०:२७ छापले आहे: अभिषेकामुळे जू मोडून जाईल. या एका वचनावर अशा तेलांची अर्धी जाहिरात उभी असते. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तसे शब्द आहेत, हे मान्य. मूळ हिब्रूत मात्र अभिषेकाचा धातू नाही; तेल, चरबी, पुष्टता अशा अर्थांचा शब्द आहे, आणि अलीकडच्या अनेक भाषांतरांत मान पुष्ट झाल्यामुळे जू तुटेल, अशा आशयाचा अर्थ घेतलेला आढळतो. चित्र बैलाचे आहे: अश्शूर साम्राज्याचे जू मानेवर आहे, आणि ती मान इतकी भरली की लाकूडच फुटले. हे चित्र सुंदर आहे. त्यात कुपी कोठेही नाही.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. ठरल्या दिवशी मंडळीचे दोन वडील घरी आले. त्यांतील वयस्क वडिलांनी पत्रक चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, त्याची घडी घातली, आणि ती ज्या टेबलाचा एक पाय आखूड आहे त्याच्याखाली सरकवली. मग त्यांनी बाटलीच्या तोंडाशी अंगठा धरला, ती एकदा उलटी करून सरळ केली, आणि आईच्या कपाळावर अंगठ्याने लहानसा क्रूस काढला. प्रार्थना दोन-तीन मिनिटांची होती. तीत 'बरे कर' होते, 'आमच्या या बहिणीला एकटे वाटू देऊ नकोस' हेही होते. आमेन झाल्यावर आई म्हणाली, "वास बरा आहे गं. पण ते बूच आधी नीट लाव, चादरीवर सांडेल." आईचे दुखणे पुढे औषधाने, सावकाश उतरले, आणि त्याचे श्रेय बाटलीला द्यावे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. मात्र त्या दिवसापर्यंत खोलीत फक्त आजारी माणूस होते. त्यानंतर मंडळीची एक व्यक्ती होती, जिच्यासाठी लोक येऊ लागले, हा फरक मी स्वतः पाहिला आहे.

ज्यांच्या मंडळीत आजाऱ्याला तेल लावण्याची रीत आहे आणि ज्यांना सुगंध आवडतो, त्यांनी हे तेल घ्यायला हरकत नाही. ज्यांना सुगंधाने मळमळते त्यांच्यासाठी साधे जैतुनाचे तेल तितकेच योग्य आहे, शास्त्राच्या दृष्टीनेही. कोणत्याही परिणामाच्या आशेने घेत असाल तर घेऊ नका.

विक्रेत्याला मी दोन तक्रारी कळवल्या होत्या: बूच गळते, आणि यशयाच्या वचनाचा अर्थ पत्रकात चुकीचा दिला आहे. नवे बूच चार दिवसांत आले, आणि ते घट्ट बसते. दुसऱ्या तक्रारीचे उत्तर अजून आलेले नाही. नव्या बुचाच्या पाकिटात मात्र तेच पत्रक पुन्हा होते, या वेळी डाग नसलेले.